सरदार भुजंगरावांच्या तीन लाइफांची हकीकत

॥ श्री ॥ कळ दाबणाऱ्या बोटांस आणि वेळेवर थांबणाऱ्या बुद्धीस वंदन करून, साहेबांनीं पुसिलें त्यावरून हकीकत लिहिली ती येणेंप्रमाणें. शके सतराशें बासष्ट, शार्वरी नाम संवत्सरे, चैत्रमासीं एक राज्य नांदत होतें, त्याचें नांव सांगावयाची परवानगी नाहीं, आणि टोपीकर लोक त्यास व्हिडिओ गेम ऐसें म्हणत. तेथें रीत ऐसी कीं दर लढवय्यास तीन आयुष्यें मिळत, त्यांस लाइफ म्हणत, आणि एक गेली तर मेलेला मनुष्य घटकेभरांत आपल्या दारीं धडधाकट उभा राही, त्यास रीस्पॉन म्हणत, आणि तिन्ही सरल्या म्हणजे आकाशांत 'गेम ओव्हर' ऐसीं तांबडीं अक्षरें उमटत, मग मात्र दहावें-तेरावें खरें करावें लागे. राज्याचे मधोमध मजल्यावर मजले चढविलेला किल्ला होता, दर मजल्यास लेव्हल ही संज्ञा, आणि पहिल्या लेव्हलच्या शेवटल्या दालनांत उग्रसेन नामें धिप्पाड किल्लेदार बसे. जो सर्वांत शेवटीं वाट अडवितो त्यास बॉस म्हणत. या बॉसानें महाराजांचा आचारी पळवून नेला, आणि दरबार दोन्ही वेळां करपलें पिठलें खाऊं लागला, आणि राज्य बुडण्याची वेळ आली. तेव्हां महाराजांनीं विडा मांडला, आणि सरदार भुजंगरावांनीं तो उचलून जागींच खाऊन टाकिला.

भुजंगराव मोठे शूर, परंतु कोणाचें ऐकणें हें त्यांचे कुळांत नव्हतें. खेळाचे नियम सांगावयास दरबारीं विसाजीपंत खेळनवीस होते, ते नवख्यास आधीं धडे देत, त्या धड्यांस ट्युटोरियल म्हणत. पंत म्हणाले, "सरदार, प्रथम उडी कशी मारावी तें दाखवितों." भुजंगराव हांसले आणि म्हणाले, "पंत, आम्हीं पाळण्यांतून उडी मारिली आहे. धडे पोरांस द्या." मग स्वारी थाटानें निघाली, आणि किल्ल्याच्या दारांतच हातभर रुंद खड्डा होता, त्यांत पडून सरदार मृत्यु पावले. घरीं वर्तमान आलें. त्यांचे कुटुंब लाडूबाई यांणीं आकांत मांडिला, बांगड्या फोडिल्या, उपाध्ये बाळंभट दर्भ घेऊन धांवले, आणि पिंड मांडितात तों सरदार दारांत उभे! म्हणाले, "हा भात कोणासाठीं? आम्हांस भूक लागली आहे." बाळंभट दर्भ टाकून माडीवर पळाले, आणि लाडूबाईंनीं कासारास बोलावून नव्या बांगड्या भरिल्या.

दुसरे खेपेस सरदार खड्डा ओलांडून गेले, आणि पुढें वाटेवर एक पहारेकरी उभा होता. त्यास एनपीसी म्हणत, म्हणजे ज्यास कोणी खेळवीत नाहीं, नेमून दिलेलें एकच वाक्य बोलतो, ऐसा मनुष्य. तो म्हणाला, "पुढें धोका आहे, राव." भुजंगराव म्हणाले, "आम्हांस भिवविसी?" तो म्हणाला, "पुढें धोका आहे, राव." ऐसा तंटा प्रहरभर चालला, आणि अखेर सरदार चिडून पुढें गेले. तेथें एक दीपमाळ होती, तिला चेकपॉइंट म्हणत, तेथें दिवा लाविला म्हणजे तेथवरची वाटचाल राखली जाई, यास सेव्ह म्हणत, आणि मेलेला मनुष्य घरीं न जातां तेथूनच उठे. सरदार म्हणाले, "दिवे लावणें आमचें काम नव्हे." मग बॉसाचे दालनीं शिरले, आणि एका तडाख्यांत दुसरी लाइफ गेली, आणि स्वारी पुनः आपल्या दारीं उभी.

या वेळीं लाडूबाई रडल्या नाहींत, दारीं आलेला कासारही परत धाडिला. त्या म्हणाल्या, "इकडून मरणें होतें, आणि घटकेंत विसरणें होतें. तेवढी घटका मीं मात्र खरीच विधवा असतें." भुजंगराव खालीं पाहूं लागले. म्हणाले, "एक लाइफ उरली आहे. आतां माघार घेतली तर लोक काय म्हणतील?" बाई म्हणाल्या, "लोक पिठलें खातील. मीं संगें येतें." आणि त्या तडक खेळनवीसांकडे गेल्या. पंत म्हणाले, "दोघांनीं खेळणें यास को-ऑप म्हणतात. डोईवर तांबडी पट्टी दिसते ती हेल्थ, घाव लागला कीं घटते, भाकरी खाल्ली कीं भरते. किरकोळ शत्रु मारून अनुभव जमतो, तो एक्सपी, त्यानें बळ वाढतें. परंतु तेंच तें पुनः पुनः करावें लागतें, त्यास ग्राइंड म्हणतात, म्हणजे..." बाई म्हणाल्या, "दळण. तें मला शिकवूं नका."

मग उभयतां निघालीं, आणि बाईंनीं दीपमाळेस दिवा लाविला आणि सरदारांचे हातूनही लावविला. परंतु तिसरी सरली म्हणजे दिवाही उठवीत नसे, हें दोघांस ठाऊक होतें. आणि तेथेंच मुक्काम करून उभयतांनीं वटवाघळें मारिलीं. आज वटवाघळें, उद्यां वटवाघळें. सरदार कुरकुरले, "आमचे घराण्यांत वाघ मारीत." बाई म्हणाल्या, "मारीत असतील. हें डावीकडचें राहिलें." ऐसा महिना लोटला आणि बळ दुणावलें, मग दोघें बॉसावर चालून गेलीं. उग्रसेनानें आरोळी दिली आणि गदा फिरविली, दालन हादरलें, आणि बाईंनीं पाहिलें कीं गदा फिरविल्यावर तो दम खातो आणि गुडघा टेकितो. तोंच सरदारांस गदा निसटती लागली, आणि त्यांची पट्टी केसाएवढी उरली, आणि तरी ते तलवार उगारून पुढें सरूं लागले. बाई ओरडल्या, "मागें या! अहो, मागें या!" आणि भुजंगराव थांबले. जन्मांत प्रथमच एक पाऊल मागें आले, मग दुसरें, आणि खांबाआड बसून भाकरी खाऊं लागले. उग्रसेन गदा फिरवीत त्यांस शोधूं लागला, मग दम खावयास त्यानें गुडघा टेकिला, आणि लाडूबाईंनीं मागून वार केला. बॉसाची पट्टी सरली, तो कोसळला, आचारी कोठडींतून बाहेर आला, आणि पहिला प्रश्न त्यानें हाच केला कीं पिठल्यांत हिंग कोणी घातला होता काय.

मग दरबारीं पंगत बसली, आणि महाराजांनीं खूष होऊन भुजंगरावांस आणखी दोन लाइफ इनाम देऊं केल्या. सरदारांनीं मुजरा केला आणि म्हणाले, "बॉस आमचे कुटुंबानें मारिला, इनाम यांस पुसावें. मजपुरतें म्हणाल तर एकच असूं द्यावी. बहुत असल्या म्हणजे मनुष्य बेफिकीर मरतो, आणि रडावयाचें काम घरच्यांवर पडतें." लाडूबाईंनीं सरदारांच्या पानांत भात वाढिला.

तात्पर्य, लेव्हल फत्ते जाहली, आचारी सुटला, आणि भुजंगराव म्हातारे होऊन, काठी टेकीत, खड्डे पाहून चालत, त्या एका लाइफवर पुष्कळ वर्षें जगले. कळावें, लेखनसीमा.