शाई कोण पितं?

जगात सूक्ष्म नजरेची माणसं दोनच, त्यातलं दुसरं अजून जन्माला यायचंय, असं भिंगराव स्वतःबद्दल सांगत. आजवर त्यांनी हेरगिरीची सहा प्रकरणं हाती घेतली. पैकी चार आपोआप मिटली. ती ते आपल्या दराऱ्याच्या खात्यावर जमा धरत. दुपारचं जेवण मात्र बहिणीकडे असे. त्यामुळे तिच्या नवऱ्याने बोलावलं की जावंच लागे.

हा नवरा, म्हणजे मालक, शिवणयंत्राच्या सुया टपालाने विकायचे. तिकिटं चिकटवायचा व्याप नको म्हणून त्यांनी फ्रँकिंग मशीन भाड्याने आणलं होतं. पाकीट सरकवलं की टपालखर्चाचा शिक्का उमटे. भाडं ठरलेलं, देखभालीचा करार ठरलेला. पण चार महिने पुरायची ती शाईची डबी सव्वा महिन्यात आटे, आणि डबीची किंमत ऐकून मालकांना पाणी प्यावं लागे.

"पाकिटं भरणाऱ्या बाई स्वतःची पत्रं छापतात," मालक म्हणाले. "शालकबुवा, शनिवारपर्यंत पुरावा द्या. नाहीतर पुराव्याशिवाय काढतो."

"चोरायचंच असतं तर आधी वेळेवरचा पगार चोरला असता," बाई पाकिटं भरता भरता म्हणाल्या. त्यांची दोन मुलं याच पगारावर शिकत होती.

भिंगराव कामाला लागले. बाईंच्या बोटावरचा डाग तपासला. तो सुयांच्या तेलाचा निघाला. शाई हवेत उडते का, हे पाहायला नव्या डबीतली चमचाभर शाई बशीत ओतली. उडाली नाही. बशी मात्र कामातून गेली. मग मशीनमधला छापलेल्या पाकिटांचा आकडा बाईंच्या वहीशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला.

"इतकं जुळतंय, भाऊजी, म्हणजे नक्की बनाव."

शनिवारी बाईंनी स्वतःच देखभालवाल्याला फोन लावला. मालक कळवळले. "अहो, करारातल्या दोन फुकट फेऱ्या मी जपून ठेवल्या होत्या."

देखभालवाला आला, झाकण उघडलं, मिटलं. "मशीन बंद कधी करता?"

"जेवायला जाताना, दोन्ही चहांना, संध्याकाळी," मालक अभिमानाने म्हणाले. "आमच्याकडे वीज फुकट जळत नाही."

"चालू केलं की दर वेळी हे आधी आपलं तोंड धुतं. शाईनं. महिन्याला एका चहाच्या पैशांएवढी वीज वाचवता आणि शाईनं आंघोळ घालता."

मालक बराच वेळ आधीच नीट रचलेली पाकिटं पुन्हा रचत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी वेळेवर या, बाई."

"येईन. पण लेखी द्या. आठ दिवस गल्लीभर मी चोर म्हणून फिरतेय."

अहवाल लिहायचा तो भिंगरावांनी. नाव घालावं तर ताट जातं. त्यांनी लिहिलं, 'गुन्हेगार: घरातलाच एक इसम.'

"कुठल्या घरातला?" बाईंनी विचारलं.

भिंगरावांनी भाऊजींकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि पूर्ण नाव हुद्द्यासकट लिहिलं. मालकांनी निमूट सही केली.

बाईंनी कागद पाकिटात घातला, वर स्वतःच्या घरचा पत्ता लिहिला आणि पाकीट मशीनमध्ये सरकवलं. शिक्का छान उमटला.