खंडित दर्शन

मेघा गजभिये कामठी रोडवरच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे नऊ महिने प्राध्यापक आणि तीन महिने उमेदवार. विद्यार्थी एकशे चाळीस, सूक्ष्मदर्शक चार. त्यांतल्या दोनांतून फक्त बुरशी दिसे, तीही भिंगावरची. काय शोधायचं ते मुलांनी निदान आधी पाहून यावं, म्हणून बाईंनी घरच्या ओट्यावर कांद्याच्या मुळांचा चौदा मिनिटांचा व्हिडिओ काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलं चक्क प्रश्न विचारू लागली आणि ही बातमी प्राचार्यांच्या कानावर गेली.

प्राचार्य महादेवराव यांना चांगली गोष्ट दिसली की तिच्यावर परिपत्रक काढल्याशिवाय चैन पडत नसे. बाईंकडून आणखी दहा व्हिडिओ करवून घेऊन त्यांनी ते सक्तीचे केले. घरी पाहिलेलं पुन्हा कशाला पाहायचं, म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लागलं. सूक्ष्मदर्शकही सुरक्षित राहिले. हजेरी आता व्हिडिओवरून लागणार होती. कलम चार: पाहणे म्हणजे सलग पाहणे. मध्ये थांबवल्यास ते 'खंडित दर्शन' समजावे आणि असे दर्शन करणाऱ्यास परीक्षेस बसू देऊ नये.

योजनेला दृष्ट लागावी असं यश आलं. एकशे एकोणचाळीस जणांचं दर्शन अखंड. साहिल नावाच्या गुणी विद्यार्थ्याने तर क्रिकेटचा सामना खेळता खेळता पाच व्हिडिओ पाहिले. मोबाइल झाडाखालच्या पिशवीत होता. दोषी एकटी सापडली, पारशिवनीहून बसने येणारी खुशी. चौदा मिनिटांच्या व्हिडिओला या पोरीने अडीच तास लावले आणि तो त्रेसष्ट वेळा थांबवला.

प्राचार्यांनी तिला मेघाबाईंसमोरच बोलावून घेतलं.

"थांबवला काहून वं?"

"समजलं नव्हतं सर. एका पेशीच्या दोन कशा होऊन राहिल्या, तेच मले पाहाचं होतं."

तिने वही पुढे केली. घरी पेल्यात कांदा ठेवून तिने मुळं फुटू दिली होती, आणि जिथे जिथे व्हिडिओ थांबवला तिथलं चित्र काढलं होतं. दोन चित्रांखाली शंका होत्या, आणि त्या इतक्या नेमक्या होत्या की बाईंना भरून आलं. आठ वर्षांत एवढा आनंद त्यांना झाला नव्हता. पोरीला सगळं येतं, असं त्या धीर करून बोलल्या.

"मॅडम, तिले येते का नाही ते विद्यापीठ पाहीन," महादेवराव समजुतीने म्हणाले. "आपल्याले एवढंच पाहाचं आहे का तिनं पाह्यलं का नाही."

तरी माणूस निर्दयी नव्हता. कलम नऊमध्ये सवलत होती: व्हिडिओ समजण्याजोगा नाही, असं शिक्षकाने लेखी दिल्यास विद्यार्थ्याला सूट. कलम दहा असं, की ज्याचा व्हिडिओ समजत नाही त्या शिक्षकाची पुढच्या वर्षी नेमणूक नाही. दोन्ही कलमांचे कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि पेनही दिलं.

बाईंच्या घरी दोन पोरं आणि पगार एकच. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुशीला व्हरांड्यात नेलं.

"हे पाय, अकराही व्हिडिओ पुन्हा लाव. हजेरीत शेवटचंच दर्शन धरतेत. मोबाइल तांदळाच्या कोठीवर ठेवून दे. पाहू नको, पाहशील तं थांबवशील. नुसते चालू दे."

"आन् माया शंका, मॅडम?"

"परीक्षा झाल्यावर," बाई म्हणाल्या, आणि लाज वाटून दुसरीकडे पाहू लागल्या.

पोरगी हुशार, एकदा सांगितलेलं समजलं. आठवड्यात तिचं दर्शन अखंड झालं. परीक्षेला बसली, पास झाली. महाविद्यालयाचा सत्कार झाला, बाईंना नऊ महिन्यांचं पत्र मिळालं. परीक्षेनंतर शंका विचारायला मात्र कोणी आलं नाही.

खुशीने पुढे लॅबचा कोर्स केला, तोही व्हिडिओवरच. आता ती धरमपेठेत रक्त तपासते. हात झपाट्याचा आहे. काचपट्टीवर काही वेगळं दिसलं तरी ती अडून बसत नाही. गेल्या आठवड्यात तुमचाच नमुना तिच्यासमोर होता. ती थांबली असती कदाचित; पण तुम्ही काउंटरवर उभे राहून तिसऱ्यांदा विचारत होता, "रिपोर्टला इतका वेळ काहून लागून राहिला?"