साहेब आत आहेत

प्रयोगशाळेत साहेब दोन होते, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. एक साहेब म्हणजे संस्थेचे संचालक. दुसरा, ऊबपेटीतल्या काचेच्या बशीत, गुलाबी द्रवात पहुडलेला वाटाण्याएवढा मेंदू. संचालकांच्या दंडाच्या कातडीतून घेतलेल्या पेशींपासून संशोधिकेने तो सात महिने जपून वाढवला होता. म्हणून सारे त्यालाही ‘साहेब’च म्हणत. कौतुकाने की सूड म्हणून, हे कोणी कधी विचारले नाही.

त्या दिवशी तपासणी समिती यायची होती. पडद्यावरचा ठिपका भिंतीला न आपटता चालवायला हा मेंदू शिकला आहे, हे तिला पटले तर दोन वर्षांची मुदतवाढ. न पटले तर एक तारखेला ऊबपेटी बंद. पेटी बंद म्हणजे वाटाणा संपला. संशोधिकेचा आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

समितीला स्थानकावरून घेऊन येताना गाडीचे चाक पंक्चर झाले. रस्त्याच्या कडेला उभे राहून तिने काकांना फोन लावला. काका शिपायाच्या जागेवर येऊन दोनच दिवस झाले होते. त्याआधी चौतीस वर्षे त्यांनी तुरुंगात काढली होती. अर्थात गजांच्या अलीकडे, किल्ल्यांच्या बाजूला.

“काका, साहेब आत आहेत ना?”

“आहेत की, ताई.”

“मी येईपर्यंत दार उघडू नका. कोणी काहीही म्हणो.”

“कडी लावू?”

“कुलूपच लावा! आणि दिवा बंद करा, उजेड सोसत नाही त्यांना. ऊब मात्र हवी. सदतीस अंशांच्या खाली गेलं तर संपलेच ते.”

“बरं. आणि खाणंपिणं?”

“वरून एक थेंबही नको!”

‘का’ हा प्रश्न काकांनी चौतीस वर्षांत कोणत्याही हुकमाला विचारला नव्हता. त्यांनी संचालकांच्या खोलीला कुलूप ठोकले, बाहेरच्या बटणांनी दिवा आणि एसी बंद केला आणि सदतीस अंश गाठायची जबाबदारी दुपारच्या उन्हावर सोपवली. संचालकांचा मोबाइल काकांच्याच टेबलावर चार्जिंगला लावलेला होता.

दहा मिनिटांनी त्यांनी संशोधिकेला फोन केला. “ताई, साहेब स्वस्थ नाहीत. आतून टकटक येतेय, एकसारखी.”

मेंदू चेतला की त्याला जोडलेले यंत्र टकटक करी. संशोधिकेचा आवाज आनंदाने चिरकला. “टकटक? काका, ते विचार करताहेत! कोणी न सांगता, आपणहून! सात महिन्यांत पहिल्यांदाच!”

काकांनी बंद दाराकडे पाहिले. वरिष्ठांचा त्यांनाही अनुभव होता. “मग करू देतो,” ते समजुतीने म्हणाले.

एवढ्यात काकांच्या टेबलावरचा इंटरकॉम खणखणला. कुलपाआडून संचालक बोलत होते.

“अहो, दार उघडा! जीव चाललाय माझा!”

“हुकूम नाही, साहेब. आपल्याला उजेड सोसत नाही.”

“निदान पाणी तरी द्या!”

“वरून एक थेंबही नाही.”

‘वरून’ या शब्दाला संचालक वीस वर्षे घाबरत आले होते. त्यांनी रिसीव्हर हळूच ठेवला आणि आपले नेमके काय चुकले असावे, याची अंधारात उजळणी सुरू केली.

समिती आली ती थेट प्रयोगशाळेत. “साहेब सुरक्षित!” काकांनी सलाम ठोकला, आणि संशोधिका कृतज्ञतेने हसून पुढे धावली. ठिपका पहिल्यांदा भिंतीला आपटला. दुसऱ्यांदा आपटला. तिसऱ्यांदा मात्र भिंतीजवळ येऊन थबकला आणि लाजऱ्या माणसासारखा अंग चोरून वळला.

“पाहायला मिळालं एकदाचं,” समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. “मागच्या खेपेला संचालकांनी पावणेदोन तास भाषण केलं आणि मेंदू राहूनच गेला. आहेत कुठे ते?”

“आत आहेत,” काका म्हणाले. “ताईंनी सांगितलं तसे. कुलपात.”

संशोधिका गर्रकन वळली. “काका... कुठल्या साहेबांना कोंडलंत?”

“म्हणजे? इथं आणखी आहेत?”

कुलूप निघाले. घामाने निथळणारे संचालक दारात आले. तोंड उघडले, समोर अख्खी समिती दिसली, तोंड मिटले. संशोधिकेने डोळे मिटून घेतले. तिचे सात महिने आता त्यांच्या एका वाक्यावर लोंबकळत होते.

“तुम्ही इतका वेळ आत काय करत होता?” अध्यक्षबाईंनी विचारले.

शिपायाने कोंडले, हे सांगण्यापेक्षा संचालकांना काहीही परवडले असते. “मुद्दामच थांबलो,” ते कपाळ पुसत म्हणाले. “तरुणांच्या कामावर आपली सावली पडू नये. म्हणून स्वतःला बंद करून घेतलं.”

“बाहेरून?”

“मोह होऊ नये म्हणून.”

अध्यक्षबाई भारावल्या. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी शेरा लिहिला: दोन वर्षांची मुदतवाढ मंजूर, समिती दर तीन महिन्यांनी येईल, आणि संचालकांची ही अनुकरणीय पद्धत प्रत्येक भेटीत कटाक्षाने पाळली जावी. संचालकांनी खाली सही केली.

काका जवळ सरकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “काळजी करू नका, साहेब. वर्तणूक चांगली राहिली, तर पुढच्या खेपेला पंखा देता येईल.”