मदुरै पाच मैलांवर

माणसाची नीती आणि दिवा यांत एक साम्य आहे. दोन्ही जवळून मोठी दिसतात आणि लांबून लहान. यात दिव्याचा दोष नसतो. मग नीतीला तरी का बोल लावावा?

तंजावरचे राज्य खालसा होऊन चाळीस वर्षे झाली, त्या सुमारास कुंभकोणम्‌च्या श्रीकुंभ पात्र कंपनीने हे तत्त्व कामाला लावले. कंपनी कथलाचे चोंबू करी. चोंबू म्हणजे रसम उकळायचे लहान भांडे. कथील शुद्ध असेल तर रसमाला गोडी येते. त्यात शिसे मिसळले असेल तर खाणाऱ्याच्या पोटात कळा येतात. ओळखणे सोपे आहे. भांड्याचे बूड कागदावर घासावे. शिसे असेल तर काळी रेघ उठते, नसेल तर उठत नाही. हे पाच वर्षांच्या मुलालाही जमते. म्हणूनच कंपनीने त्या कामावर एक अनुभवी अधिकारी नेमला होता. त्यांचे नाव मुकुंदराव.

मालाची वर्गवारी शिस्तशीर होती. सहा मैलांच्या आत, म्हणजे दारासुरम्, साक्कोट्टै, नाचियार्कोविल् येथे जाणारा चोंबू निव्वळ कथलाचा. (इथले गिऱ्हाईक चालत येऊन भांडते.) तिरुचिरापल्लीपर्यंत चौथा हिस्सा शिसे. मदुरैला निम्मे. रंगूनच्या चोंबूला आकार असला की पुरे. (रंगूनहून आजवर एकही तक्रार नाही. पोट दुखणारा मनुष्य पत्र लिहीत बसत नाही.) शिक्का मात्र सगळ्यांवर एकच, ‘शुद्ध’. गिऱ्हाइकांत भेदभाव करणे कंपनीला मान्य नव्हते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मुकुंदरावांनी एकदा शिक्का मारायला नकार दिला होता. त्यांना कोणी रागावले नाही. जेवणानंतर कचेरीत विड्याच्या पानांचे तबक फिरे, ते फक्त त्यांच्यापुढून न थांबता गेले. (कुंभकोणम्‌चे कोवळे पान ज्याने खाल्ले आहे, त्याला ही शिक्षा समजावून सांगावी लागत नाही.) चौथ्या दिवशी मुकुंदरावांनी शिक्का मारला. तबक थांबले. त्यात दोन पाने जास्तच होती. पुढची अठरा वर्षे त्यांचे एकही पान चुकले नाही.

मग त्यांच्या पंकजेचे लग्न मदुरैला ठरले, आणि व्यवस्थापक चंद्रमौळी अय्यर स्वतः चोंबू घेऊन घरी आले.

“कंपनीचा आहेर,” ते म्हणाले. “मदुरैच्या ढिगातून हातानें निवडला.”

“मदुरैच्या कां?” मुकुंदरावांचा आवाज बारीक झाला.

“मुलगी कुठें चालली? मदुरैला. नियम तो नियम. तुमच्यासाठीं मोडला तर लोक काय म्हणतील, राव?”

पंकजेने चोंबू उलटा करून पाहिला आणि ती हरखली. “अप्पा, तुमचाच शिक्का की हो! मग आतां पाहायलाच नको. रोज ह्यांतच रसम करीन.”

“तोंड कां असें झालें तुमचें?” पाहुणे गेल्यावर नागलक्ष्मीने नवऱ्याला विचारले. “लेक लांब चालली म्हणून?”

“होय,” मुकुंदराव म्हणाले. “फार लांब चालली.”

साध्या माणसाने गुपचूप चोंबू बदलला असता. पण अधिकारी नियम मोडत नाही. तो नियम सुधारतो. दुसऱ्या दिवशी पानांचे तबक येण्याआधी मुकुंदरावांनी ठराव मांडला: ‘मदुरै हे गांव कुंभकोणम्‌पासून पांच मैलांवर आहे असें मानण्यांत यावें.’

तबक दारातच थांबले. कोणी कोणाकडे पाहीना. अठरा वर्षांची पाने एका वाक्यात गेली, असे मुकुंदरावांना वाटले.

मग कोठीवाले नरसिंह अय्यंगार खाकरले. “तिरुचिरापल्लीला माझी बहीण दिली आहे. तीही जवळच राहते, असें मला फार दिवस वाटतें.”

“माझा जांवई रंगूनला असतो,” चंद्रमौळी अय्यर विचारपूर्वक म्हणाले. “मध्यें समुद्र आहे खरा. पण तो सपाट असतो.”

ठराव एकमताने मंजूर झाला. तबक फिरले. पंकजेचा चोंबू त्याच दिवशी बदलून आला. शिक्का तोच, फक्त रेघ उठेना. त्या रात्री मुकुंदरावांना गाढ झोप लागली.

पुढे महिनाभरात अधिकाऱ्यांचे सगेसोयरे राहत असलेली सत्तावीस गावे सहा मैलांच्या आत आली. भिंतीवरच्या नकाशात ती मावेनात, तेव्हा नकाशा काढून टाकला. पण निम्म्या शिशाचा माल पडून राहिला होता, आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांत तो पाठवायला लांबचे गावच उरले नव्हते. तेव्हा अंतर मैलांनी मोजण्याची जुनी पद्धत बंद करण्यात आली. मागणीच्या कागदावर एक रकाना वाढवला: ‘आमच्या कचेरींत आपलें कोण?’ तो कोरा आला की मदुरैचा ढीग. शिक्का मारायला मुकुंदराव होतेच.

तेव्हा वाचकांनी आपल्या घरचा चोंबू उलटा करून कागदावर घासावा. रेघ उठली तर कंपनीला दोष देऊ नये. आपले तिथे कोणी नाही, एवढेच. आणि रेघ उठली नाही तर? तर आपण कागदाची घडी घालाल, चोंबू फळीवर ठेवाल आणि जेवायला बसाल. शेजारच्या घरी चोंबू घासून पाहायला आजवर कोणी गेल्याची कंपनीकडे नोंद नाही. म्हणूनच तर कंपनी चालते.