नववा झेंडा

परगावचा माणूस आमच्या गावात एस.टी.तून उतरला, की लिंबाजी आबा रामराम घालायच्या आधी त्याला भेगा विचारत.

"तुमच्याकडं काळ्या रानात भेगा कशा हायत? हात मनगटापतोर जातो का कोपरापतोर?"

पाहुण्याला वाटायचं, म्हातारा दुष्काळाची विचारपूस करतोय. तो बिचारा आटलेल्या विहिरी आणि बाजारात सोडून आलेली जनावरं सांगायला लागायचा. आबा हात झटकायचे. "ते ऱ्हाऊ द्या. त्यात चेंडू पडला तर घावंल का?"

आबा गोल्फ खेळत. मी गावातला पहिला बी.ए., पण गोल्फ हा शब्द मला कॉलेजात नाही, आबांकडून कळला. निजामाच्या राज्यात ते पंधरा वर्षं सिकंदराबादच्या छावणीत 'आगेवाला' होते. म्हणजे साहेब मागून चेंडू मारणार. आगेवाल्यानं पुढं उभं राहायचं, चेंडू कुठं पडतो ते हेरायचं आणि साहेब येईस्तोवर त्या जागी हात वर करून थांबायचं.

"पंधरा वरसांत एक चेंडू हरवू दिला न्हाय," आबा सांगत. "साहेब इसरायचा कुठं मारला ते. म्या इसरायचो न्हाय."

छावणीतून येताना त्यांनी एक मोडकी लोखंडी काठी आणि एक चेंडू आणला होता. काठीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, चेंडूला दोनदा चपलेचं कातडं चढलेलं. ओढ्याकाठच्या पडीक रानात त्यांनी नऊ भोकं पाडली होती आणि प्रत्येकाशी चिंधीचा झेंडा रोवला होता.

"आबा, गोल्फला हिरवळ लागते म्हणं," मी एकदा विचारलं.

"आमच्या छावणीत बी भोकाभवती तेल टाकून दाबलेली वाळूच असायची. आपल्याकडं तेल न्हाय, येवढाच फरक."

जिल्ह्यातल्या सगळ्यात अवघड मैदानांची यादी त्यांना तोंडपाठ होती. अणदूरकडचं रान तिसरं, कारण दगड लई. आमचं दुसरं. पहिलं तेरखेड्याचं. "तिथं भेगंत चेंडू गेला की पाताळातच." ही यादी घरबसल्या केलेली नव्हती. भाकरी बांधून, थोडं एस.टी.नं, बाकी पायी, आबा खरोखर ती रानं बघून यायचे.

"लोकं पानी हुडकत्यात, आमचं येडं भोकं हुडकतंय," त्यांची बायको राहीबाई म्हणायची. म्हणत म्हणतच भाकरीवर मिरचीचा गोळा ठेवून फडक्याची गाठ मारायची. वाटेला लागलेल्या आबांना मागून ओरडायची, "आवं, तुमी बी घावा म्हंजे झालं!"

बहात्तरच्या दुष्काळात एकदा पाहणीची जीप आली. साहेबांनी चावडीसमोर विचारलं, या भागात सगळ्यात बिकट कुठं आहे? सरपंच तोंड उघडायच्या आत आबांनी यादी म्हणून दाखवली. गाव, रान, भेगेची खोली, सगळं. साहेबांनी भराभरा उतरून घेतलं. इतकी चोख माहिती त्यांना कुणी दिली नसावी. पुढं पाण्याचा टँकर आधी तेरखेड्याला गेला, आणि आमच्या गावानं आबांना आठवडाभर शिव्या घातल्या.

"म्या खोटं सांगू व्हय?" आबा म्हणाले. "आपलं रान दुसरंच हाय."

मी तेव्हा सोलापूरला शिकत होतो. त्याच उन्हाळ्यात राहीबाई ऊन लागून गेल्याचं घरच्या पत्रातून कळलं. पुढच्या वर्षी बी.ए. होऊन परतलो तेव्हा दुष्काळ होता तसाच होता, आणि यादी बदलली होती. आमचं रान पहिलं झालं होतं.

"भेगा तर तेवढ्याच आहेत," मी म्हणालो.

"तुला काय कळतंय, बीए? नववं भोक बघ."

नववं भोक बाकीच्यांसारखंच होतं. उलट सपाटीवर होतं. पण आबा आठ खेळायचे आणि काठी खांद्यावर टाकून घरी जायचे. विचारलं तर म्हणायचे, "लई अवघड. आपल्याला जमत न्हाय."

मला पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकुनाची जागा मिळाली. शिकलो म्हणून घमेलं उचलावं लागलं नाही. हे सांगायला मी लाजत नाही. बांधाच्या पोटात घालायला काळी माती लागते. ती ओढ्याकाठच्या रानातून काढायचं ठरलं आणि ओव्हरसियरनं फक्कीच्या रेघा मारल्या. नववा झेंडा बरोबर त्या रेघांच्या आत आला.

सकाळी आबा हजर. "बीए, नववा सोडा."

"आबा, आठ राहतायत की."

"आठच्या आठ न्या. म्या उपटून देतो. नववा ठिवा."

बायका घमेली खाली ठेवून हसायला लागल्या. मुकादम म्हणाला, "आबा, दुधाची सोसायटी निघाली, मेंढ्यांची निघाली. आता गोल्फाची काढा. चेअरमन तुमीच!"

मला राग आला. लोक सुकडी खाऊन टिकाव मारतायत आणि यांना खेळ सुचतोय, असं मी बरंच बोललो. शिकलेला माणूस बोलतो तसं, जरा लांबवून.  आबा फक्कीची रेघ ओलांडून झेंड्यापाशी जाऊन बसले.

"रस्त्याच्या कामावरनं येत हुती," ते म्हणाले. "बाया पुढं गेल्या, ती मागं ऱ्हायली. कुटं पडली कुनी बघितलंच न्हाय. लई येळानं हुडकली. घमेलं हितं हुतं."

 मुकादमानं टोपी काढून उगाच झटकली.

"आन् तुम्ही, आबा?" मी विचारलं.

"म्या तेरखेड्याला. भेगा बघाया." त्यांनी चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आलो तवा माती झालती."

खड्डा रद्द करणं माझ्या हातात नव्हतं. पण मातीकामाची एक रीत आहे. खड्डा खणताना मधे मातीचा एक खांब न खणता सोडतात. किती खोल खणलं ते त्यावरून मोजता येतं. खांब कुठं सोडायचा हे ओव्हरसियर बघत नाही. मी झेंड्याभोवती घमेल्याएवढं रिंगण आखलं आणि मुकादमाला म्हणालो, "खांब इथं."

मुकादमानं माझ्याकडं बघितलं. "घमेल्याएवढ्यानं काय हुतंय, बीए? ढासळंल." त्यानं टिकावाच्या टोकानं दुप्पट मोठं रिंगण ओढलं.

पंधरवड्यात रान पुरुषभर खाली गेलं. मधोमध तेवढा खांब उभा, माथ्यावर चिंधी. मोजमाप झालं की खांब पाडायचा असतो. मोजमाप झालं. पाडायला कुणी टिकाव उचलला नाही, आणि मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामाच्या आधी आबांनी मला खड्ड्याच्या काठावर बोलावलं. काठी माझ्या हातात दिली, चेंडू माझ्या पायाशी ठेवला.

"तू मार. म्या पुढं थांबतो."

ते घसरत खड्ड्यात उतरले आणि खांबापाशी जाऊन उभे राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा ती काठी फिरवली. चेंडू भलतीकडं, पार ओढ्याच्या अंगाला गेला. आबांनी तिकडं मान वळवली नाही. एक हात खांबावर टेकवला, दुसरा वर केला.

हजेरीची वेळ झाली. बायका आल्या, खड्डा बघून दुसऱ्या टोकाला खणायला गेल्या. मी चेंडू शोधायला ओढ्याकडं निघालो. पंधरा वर्षांत त्यांनी एकही हरवू दिला नव्हता. हा हरवला असता तर माझ्या हातून. एका भेगेत तो सापडला, कोपरापर्यंत हात घालावा लागला.

परत आलो तेव्हा ऊन खांबाच्या मुळाशी पोचलं होतं, आणि आबांचा हात अजून वर होता.