मानेतली सळई

वस्तू पारखून घ्यावी ती निवृत्त सुभेदार लालासाहेबांनीच! कवठे महांकाळच्या बाजारात कुणाला म्हैस घ्यायची असो, पाण्याची मोटर घ्यायची असो, नाहीतर नुसतं कलिंगड घ्यायचं असो, आधी लालासाहेबांना बोलावणं जायचं. ते यायचे, वस्तूभोवती एक फेरी मारायचे, दोन बोटांनी टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि "घ्या" नाहीतर "ऱ्हाऊ द्या" एवढंच बोलायचे. म्हशीला टिचकी मारून ते काय ऐकायचे, हे कुणी कधी विचारलं नाही. म्हशीनंही नाही!

असे हे लालासाहेब छप्पन्नाव्या वर्षी स्वतःसाठी एक वस्तू घ्यायला निघाले, आणि ती कुठली हे घरात सांगायची त्यांची छाती होईना. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाची छाती! कारण ती वस्तू होती गिटार.

फौजेत असताना एका मिझो जवानानं त्यांना गिटारीवर तीन कॉर्ड शिकवले होते. कॉर्ड म्हणजे डाव्या हातानं ठराविक तारा दाबून धरायच्या आणि उजव्या हातानं सगळ्या तारा एकदम छेडायच्या. तंबूबाहेर बर्फ पडायचं आणि आत लालासाहेब बोटं फुटेपर्यंत ते तीन कॉर्ड घोटायचे. पुढं बदली झाली, संसार आला, डाळिंबाची बाग आली, आणि गिटार राहिली ती राहिलीच. आता महिन्याभरानं एका रविवारी त्या वेळचे सहा दोस्त कोयनानगरला पाण्याकाठी जमणार होते. उत्साहाच्या भरात लालासाहेबांनी ग्रुपवर लिहून टाकलं, "मी गिटार घेऊन येतो. वाजवतोसुद्धा!" त्यावर सहा अंगठे आले. झालं! फौजी माणसाचा शब्द गेला म्हणजे गोळीच सुटली म्हणायची.

मग तीन आठवडे लालासाहेबांनी गोठ्यात बसून, कानात वायर घालून मोबाईलवर अभ्यास केला. गिटार स्वस्तातली हवी, कारण हौस म्हणून घेतलेली वस्तू महाग असली की हौस राहते बाजूला आणि माणूस तिला पुसतच बसतो. हलकी आणि आखूड हवी, म्हणजे मोटरसायकलवर पाठीला बांधून कोयनेचा घाट चढता येईल. आणि ऊनवाऱ्यात तडकता कामा नये. वस्तू ठरली, फक्त हातात यायची बाकी होती. तोवर सराव म्हणून ते खराट्याच्या दांड्यावर बोटं दाबत बसायचे.

हे राहीबाईंनी दोनदा बघितलं. नवरा गोठ्यात एकटाच बसलेला, नजर शून्यात आणि डाव्या हाताची बोटं आपोआप वळवळतायत! त्यांनी गुपचूप डिंकाचे लाडू केले आणि देवापुढं एक दिवा जास्तीचा लावला.

रविवार तीन दिवसांवर आला तेव्हा, गुरुवारी सकाळी लालासाहेबांनी मोटरसायकल बाहेर काढली.

"मिरजंला जाऊन येतो."

राहीबाईंच्या हातातलं पातेलं तिथंच थांबलं. "मिरजंला? आवं, कशाला?"

"हाय जरा काम."

"मी येऊ का संगं?"

"नगं! एकटाच जातो!"

आता मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे, तंतुवाद्यं आणि दवाखाने. पण कवठे महांकाळकडच्या माणसाला त्यातली दुसरीच गोष्ट ठाऊक. "मिरजंला नेलं" म्हटलं की ऐकणारा कारण विचारत नाही, कितव्या मजल्यावर ते विचारतो! त्यात हा माणूस एकटाच निघालेला. राहीबाई उंबऱ्यावर बसल्या आणि बारा वाजेपर्यंत तिथंच बसून राहिल्या.

इकडं लालासाहेब मिरजेत एका जुन्या वाद्यांच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसले होते. दुकान सतारी-तानपुऱ्यांचं, पण एका भिंतीवर गिटारीही होत्या. दुकानदार चाचा पांढऱ्या दाढीचे, तीन पिढ्यांपासून लाकूड तासणारे. लालासाहेबांची नजर गेली ती एका निळ्या, चकचकीत गिटारीवर. कुणीतरी जुनी म्हणून विकायला ठेवलेली होती. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि टिचकी वाजवली.

"साहेब, कलिंगड नाही ते," चाचा म्हणाले. "अशी डोळ्याला लावा, बंदुकीसारखी, आणि मान बघा."

गिटारीच्या लांब दांड्याला मान म्हणतात आणि खालच्या पोकळ भागाला पोट, हे लालासाहेबांना अभ्यासानं माहीत होतं. त्यांनी गिटार उचलून डोळ्याला लावली, आणि तेवढ्यात फोन वाजला. राहीबाईंचा! "आत्ता नगं," असं पुटपुटत त्यांनी एका हातानं फोन बंद करायला अंगठा फिरवला. तो लालऐवजी हिरव्यावर गेला. फोन गादीवर पालथा पडला, आणि चाळीस किलोमीटरवर राहीबाईंना सगळं ऐकू येऊ लागलं.

"मान वाकल्यावानी दिसती, चाचा."

"वाकलीच आहे. पण घाबरायचं काम नाही. आत सळई असते. पान्यानं पिळली की सरळ होते."

"आनि पोटाचं काय? हितं चीर दिसती."

"अरे, हां! पोट उकलायला लागलंय. आत डिंक भरून, शिकंज्यात आवळून एक दिवस ठेवावं लागेल."

"तारा?"

"सगळ्या गंजल्यात. काढून टाकाव्या लागतील."

"मंग ह्येचं आयुष्य किती धरायचं?"

"जपलं तर वर्षभर. उन्हात फिरवलं तर मी काही सांगू शकत नाही."

"मला रविवारपत्तूर तरी तग धराय पायजे, चाचा! सगळी दोस्तमंडळी शेवटी जमनार हायती. म्होरचं म्होरं बघू!"

"रविवार निघेल," चाचा म्हणाले. "पाहिजे तर लिहून देतो."

फोन तसाच हातात धरून राहीबाई अनवाणी पळत आण्णांकडं गेल्या. आण्णा म्हणजे लालासाहेबांचे थोरले चुलतभाऊ. गावात कुणी आजारी पडलं की रोग्याच्या आधी दवाखान्यात पोचणारा माणूस!

"मानंत सळई?" आण्णांनी डोळे मिटून विचार केला. "पान्यानं पिळत्यात म्हनला? बाई, धीर सोडू नका. ह्यो साधा डॉक्टर न्हाई, लय वरचा हाय!"

त्यांनी लालासाहेबांना फोन लावला. पण राहीबाईंचा तो पहिला फोन तसाच चालू राहून लालासाहेबांच्या फोनची बॅटरी संपली होती.

"बंद हाय," आण्णा गंभीरपणे म्हणाले. "म्हंजे आत घेतलं!"

पुढं सगळं झपाट्यानं झालं. आण्णांचा मुलगा धैर्यशील यानं गावच्या ग्रुपवर बातमी टाकली. शिरवळच्या कंपनीत असलेल्या लालासाहेबांच्या पोराला, पृथ्वीराजला फोन गेला; तो मशीन बंद करून अंगावरच्या कपड्यानिशी गाडीत बसला. टेम्पो निघाला तेव्हा त्यात एकोणीस माणसं होती. रक्त द्यायला पाच पैलवान, भजन म्हणायला दोन म्हातारे, डबे, सतरंजी, शहाळी आणि शेजारच्या हरणाबाईंनी आणलेला अंगारा! सुभेदार माणूसच तसा होता. गावातल्या निम्म्या म्हशी त्याच्या शब्दावर घेतलेल्या!

मिरजेत आण्णांनी एकामागून एक दवाखाने घेतले. पहिल्या दवाखान्यात त्या नावाचा पेशंट नव्हता. दुसऱ्यात होता, पण तो शहाण्णव वर्षांचा निघाला. त्याला अंगारा लावून मंडळी तिसऱ्याकडं वळली. तिथं खिडकीतली बाई "नाही" म्हणाली तेव्हा आण्णा भडकले. "माणूस दडवताय व्हय? पान्याचा डॉक्टर कुठाय, त्येला बोलवा!"

आणि लालासाहेब? ते सुखात होते. चाचांनी निळी गिटार भिंतीला लावून कोपऱ्यातली एक मळकट रंगाची, बुटकी गिटार काढून दिली होती. "ही घ्या. गरीब आहे, पण पोलादी आहे. भारी लाकूड उन्हात तडकतं, ही प्लायवूडची आहे. आवाज थोडा लहान, पण मोटरसायकलवरून पडली तर आधी मोटरसायकलला बघा!" लालासाहेबांनी मान बघितली, पोट बघितलं, नव्या तारा बसवून घेतल्या, आणि तीनपैकी अडीच कॉर्ड लागले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. गिटार पिशवीत घालून पाठीला बांधली आणि स्वारी शीळ घालत निघाली.

वाटेत एका दवाखान्यापुढं त्यांना ओळखीचा टेम्पो दिसला. आपल्या गावचा! फाटकापाशी माणसं गोळा झालेली, बायका डोळ्याला पदर लावून. आपण शीळ घालतोय आणि गावावर काहीतरी बेतलंय! त्यांनी मोटरसायकल लावली आणि डोक्यावरचं हेल्मेटही न काढता गर्दीच्या मागं जाऊन उभे राहिले. पुढं धैर्यशील हातात सहा शहाळी घेऊन पाठमोरा उभा होता.

"कोन ॲडमिट हाय रं?" त्यांनी हळूच विचारलं.

"लालासाहेब तात्या," धैर्यशील वळून न बघता म्हणाला.

गावात दुसरा लालासाहेब कोण, हे लालासाहेबांना चटकन आठवेना. "काय झालं त्येला?"

"मानंत सळई घालत्यात. पोटबी उकललंय. रविवारपत्तूर हायती म्हनं."

"आरं देवा! लय वाईट! वय काय?"

"छप्पन."

"माझ्याच वयाचा की रं!" लालासाहेब कळवळले. "बायको हाय?"

"ती काय, पायरीवर बसलीया."

लालासाहेबांनी तिकडं पाहिलं. पायरीवर राहीबाई बसल्या होत्या. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घट्ट धरलेला. आपल्याला नक्की काय झालंय, हे त्यांना क्षणभर स्वतःलाच कळेना! त्यांनी हेल्मेट काढलं.

"राही..."

धैर्यशीलच्या हातातली सहाही शहाळी सुटली आणि रस्त्यावरून घरंगळत गेली. हरणाबाईंनी किंकाळी फोडली. भजनी म्हाताऱ्यांपैकी एकानं घाईघाईत अभंगच सुरू केला. राहीबाई मात्र सावकाश उठल्या आणि लालासाहेबांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"मान हलवा."

लालासाहेबांनी मान हलवली.

"दुसरीकडं हलवा."

तिकडंही हलवली. राहीबाईंनी त्यांच्या पोटावरून हात फिरवला, शर्टाच्या बटणापासून बटणापर्यंत, आणि मग त्यांचा तो हात तिथंच थांबला. "मी फोनवर ऐकलं," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं. सळई, चीर, गंजलेल्या तारा..."

लालासाहेबांना एकदम सगळं उमगलं. एकोणीस माणसांसमोर, भर रस्त्यात, त्यांनी पाठीवरची पिशवी सोडली आणि ती बुटकी, मळकट गिटार बाहेर काढली. आण्णा हिरमुसून म्हणाले, "म्हंजे, सळई न्हाईच?"

"सळई हाय की, आण्णा. गिटारीच्या मानंत."

"आनि तुमची बोटं वळवळत हुती ती?" राहीबाईंनी विचारलं.

"कॉर्ड दाबत हुतो. खराट्यावर."

"आनि रविवार?"

"कोयनेला दोस्तांम्होरं वाजवनार हाय."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

लालासाहेबांनी खाली बघितलं. "या वयात गिटार म्हनल्यावर तू हसली असतीस."

"हसले असते की!" राहीबाई कडाडल्या. "पोट धरून हसले असते! आज सकाळधरनं रडतीया, त्येच्यापरीस हसनं बरं न्हवतं व्हय?" आणि एवढं बोलून त्यांनी लाडवांचा डबा त्यांच्या हातात आदळला. "खावा! उपाशी असशीला!"

एवढ्यात धैर्यशीलच्या फोनवर पृथ्वीराज आला. तो कराडपर्यंत पोचला होता. धैर्यशीलनं त्याला सगळं सांगून फोन लालासाहेबांच्या कानाला लावला.

"आबा," तो म्हणाला, "बाप सीरियस हाय म्हनून सायबाला सांगून आलोय मी! उद्या काय सांगू?"

"सांग, लय फरक हाय म्हनून," लालासाहेब लाडू गिळत म्हणाले.

पण एवढ्या लांब आलेली माणसं अशी मोकळ्या हातानं परत जाणार होती थोडीच! पैलवानांनी शहाळी गोळा करून आणली, समोरच्या लिंबाखाली सतरंजी पसरली गेली, डबे उघडले. भाकरी, पिठलं, ठेचा! पेशंटसाठी आणलेली मुगाची खिचडी पेशंटनंच संपवली. जेवणं उरकल्यावर आण्णांनी मिशीवरून हात फिरवून हुकूम सोडला, "हं, सुभेदार! वाजवा आता. ज्येच्यासाठी टेम्पो आनला ते ऐकू तरी द्या."

समोर एकोणीस माणसं मांडी घालून, प्रवचनाला बसल्यासारखी. दवाखान्याचा वॉचमनही फाटक सोडून येऊन उभा. लालासाहेबांनी गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि पहिला कॉर्ड छेडला. तो बरा लागला. दुसराही लागला. तिसऱ्याला एक तार जरा कण्हली, पण त्यांनी मन लावून तिन्ही कॉर्ड पाच वेळा फिरवून वाजवले. बर्फ आठवलं, तंबू आठवला. शेवटचा झंकार विरला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

सगळे गप्प बसून होते. कुणी पापणी हलवली नाही. राहीबाई तर टक लावून त्यांच्याकडंच बघत होत्या. लालासाहेबांचा ऊर भरून आला.

"मंग?" आण्णांनी विचारलं. "कवा सुरू करताय?"

"आवं... झालं की वाजवून!" लालासाहेब कसेबसे म्हणाले.

मंडळींनी एकमेकांकडं बघितलं. कुणीतरी खोकलं. पैलवान हळूच सतरंजीची टोकं गोळा करायला लागले. लालासाहेबांनी गिटार पिशवीत घालायला घेतली, तेवढ्यात राहीबाई पुढं सरकल्या आणि त्यांनी पिशवी काढून घेतली.

"आजून एकदा वाजवा," त्या म्हणाल्या. "मघाशी माझं ध्यान तुमच्या मानंकडं हुतं."