यजमान शेवटी उठतो

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. खोटी निघाली तर आज रात्री मला जेवण मिळू नये. (आज माझा उपास आहे, ते सोडा.) म्हणजे गोष्ट खरीच, फोडणी तेवढी माझी.

आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात एकदा प्रोजेक्टर बंद पडला आणि मी भिंतीवरचं बटण दाबून तो सुरू केला. तेव्हापासून मी संगणकतज्ज्ञ. त्यामुळे प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला शिकवण्याचा हुकूम विद्यापीठातून आला, तो थेट माझ्याच गळ्यात पडला. मी रविवारची सकाळ निवडली, तीही घरूनच. कारण दुपारी कारंज्याला माझ्या मेहुण्याच्या मुलीचा, गुंजनचा साखरपुडा होता आणि नवरदेवाची अंगठी माझ्या खिशात होती. (सासरच्यांनी माझ्यावर टाकलेली ही पहिलीच जबाबदारी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली.)

प्रशिक्षण झकास झालं. फक्त आमचे विभागप्रमुख अण्णाजी वयानं सगळ्यात मोठे, म्हणून मानापोटी मी त्यांना होस्ट करून बसलो.

"होस्ट म्हंजे काय रे बाप्पा?"

"यजमान, सर."

अण्णाजी खूश.

कार्यक्रम संपला. "निंगा आता," मी म्हणालो. कुणी हलेना.

"अण्णाजी बसून हायेत ना," रसायनशास्त्राच्या मंजुषा मॅडम म्हणाल्या. "पंगतीतून मोठ्या मानसाच्या आधी उठाव काय?"

"मंग अण्णाजी, तुम्हीच उठा."

"मी यजमान होय. पाहुने उठल्याबिगर यजमान उठते काय?"

झालं. सगळं विद्यापीठ आपापल्या चौकटीत मांडी घालून बसलं. माझा वार्षिक अहवाल अण्णाजी लिहितात, तेव्हा मीही बसलो.

दारात माझी बायको प्रमिला उभी. "अवो, गाडी कवाची आली. तुम्ही काऊन बसून राह्यले?"

"अण्णाजी उठून नाई राह्यले."

"मंग त्यायलेबी घ्या संगं. माह्या भावाचं नाक कापता काय आज?"

घेतलं. लॅपटॉपवरून मोबाइलवर, मोबाइल शर्टाच्या खिशात. वाटेत ढाब्यावर चहाला थांबलो, तर खिशातून आवाज आला, "मलेबी एक कट सांगजो."

मुहूर्त टळता टळता मांडवात शिरलो. माझे मेहुणे बंडूजी घामाघूम.

"भाऊजी, अंगठी?"

मी अंगठी दिली. त्यांची नजर खिशावर गेली. "हे कोन होय?"

"विद्यापीठ."

"मंग उभं काऊन ठेवलं? बसवा पंगतीत."

साखरपुडा उरकला आणि पाण्याच्या गडव्याला टेकवून विद्यापीठ पंगतीत बसवलं. वाढपी येऊन त्याच्यापुढेही पत्रावळ मांडून गेला. जेवणं झाली आणि बंडूजींनी हाळी दिली, "उठा मंडळी, हात धुवा."

त्याबरोबर मोबाइलवरच्या चौकटी पटापट रिकाम्या झाल्या. शेवटी अण्णाजी. जाताना हात जोडून म्हणाले, "सुपारी राह्यली."

आता रचलेला भाग सांगून टाकतो. पंगतीचा नियम मी नंतर चिकटवला. खरं असं, की प्रशिक्षणात मी मीटिंगमध्ये शिरायचं शिकवलं, बाहेर पडायचं राहून गेलं. ते मलाही येत नव्हतं. कारंज्यात मंडळी उठली ती एकेकाची बॅटरी संपून.

मीटिंग आटोपली की मी अजूनही बॅटरी संपायचीच वाट पाहतो.